उपग्रह अंगावर पडण्याची भीती: मेसेज कसा तपासायचा आणि तुकडा सापडला तर काय करायचं?

झाडीपट्टी:
दर काही महिन्यांनी गावागावांच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: "आज रात्री ८ ते १० दरम्यान चिनी सॅटेलाइट विदर्भावर कोसळणार, अंगणात झोपू नका, लेकरांना बाहेर सोडू नका." चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात असा मेसेज कुणी हसण्यावारी नेत नाही, कारण इथे खरोखर पडलेलं आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. रात्री पावणेआठच्या सुमारास जळत्या तुकड्यांची रांग अख्ख्या विदर्भाने पाहिली. मग लाडबोरीत तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं आणि पवनपारकडे एक गोळा सापडला. त्यामुळे "अफवा आहे, लक्ष देऊ नका" एवढं सांगून इथे कुणाचं समाधान होत नाही.

ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला नेमका मजकूर हवा आहे. त्यासाठी चार गोष्टी कळायला हव्यात. वेळ आणि जिल्हा आधी सांगता येतो का? सगळं जळून जात असेल तर आख्खे गोळे खाली कसे येतात? सकाळी शेतात असं काही दिसलं तर पहिल्या तासात काय करायचं आणि काय टाळायचं? आणि घराचं, जनावराचं नुकसान झालं तर भरपाई कुणाकडे मागायची?

मृगशीर्ष:
घाबरण्यासारखं काही नाही. पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग पाणी आहे आणि वस्तू वातावरणातच जळून जातात. एवढं लिहा फलकावर.

ध्रुवमत्स्य:
मृगशीर्ष, पाण्याचा आकडा बरोबर आहे. "जळून जातात" हे मात्र फलकावर नको. ज्या गावाने कडं डोळ्यांनी पाहिलंय, ते गाव या वाक्यानंतर पुढचं काहीच मानणार नाही. त्यावर कुणीतरी सविस्तर लिहावं, मी पहिला प्रश्न घेतो.

वेळ आणि जिल्हा आधी सांगता येत नाही. अमेरिकेच्या लष्कराला नाही, युरोपला नाही, इस्रोलाही नाही. बेवारस, म्हणजे कुणाच्याच नियंत्रणात नसलेल्या वस्तूबाबत तर नाहीच. खाली येणाऱ्या वस्तूला अडवते ती १०० ते २०० किलोमीटर उंचीवरची अतिविरळ हवा. ही हवा सूर्याच्या तापण्यानुसार फुगते आणि आक्रसते. सौर वादळ आलं की काही तासांत तिची घनता वाढते. फेब्रुवारी २०२२मध्ये नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ अशाच एका वादळात परत खाली आले. दुसरी अडचण म्हणजे वस्तू कोलांट्या खात असते. रिकामं रॉकेट आडवं असताना त्याला जेवढी हवा लागते, तेवढी उभं असताना लागत नाही, आणि ते कधी कसं फिरेल हे खालून कळत नाही.

म्हणून या क्षेत्रात एक ढोबळ नियम वापरतात: पडायला जेवढा वेळ उरलाय, त्याच्या २० टक्के इकडे-तिकडे चूक धरायची. पाच दिवस आधी अंदाज दिला तर चूक एक दिवसाची. दहा तास आधी दिला तर दोन तासांची. अगदी दोन तास उरले असतानाही २४ मिनिटांची. आता वेग बघा. ती वस्तू सेकंदाला ७.८ किलोमीटर जात असते, म्हणजे २४ मिनिटांत ११ हजार किलोमीटर. एवढ्या अंतरात नागपूरहून निघून युरोप ओलांडता येतो. मग कालचा मेसेज आजच्या रात्रीसाठी "विदर्भ" कसा सांगेल? जिल्ह्याचं नाव घालून येणारा मेसेज वाचायच्या आधीच खोटा ठरतो. पुढचे तपशील पाहायचीही गरज नाही.

कॉसमॉस ४८२चं उदाहरण ताजं आहे. शुक्रावर जायला १९७२मध्ये निघालेलं हे सोव्हिएत यान पृथ्वीच्या कक्षेतच अडकलं होतं आणि १० मे २०२५ला खाली आलं. जगभरचे रडार महिनाभर त्याच्यावर नजर ठेवून होते. तरीही शेवटच्या दिवसापर्यंत संस्थांच्या अंदाजांत तासांचा फरक होता.

तरीही मेसेजमागे खरी वस्तू आहे का हे तपासायचं असेल, तर रस्ता असा.

मेसेजमध्ये वस्तूचं नाव किंवा यादीतला क्रमांक आहे का ते आधी बघा. नुसतं "चिनी सॅटेलाइट" असेल तर तिथेच थांबा. नाव असेल तर एरोस्पेस कॉर्पोरेशन या अमेरिकी संस्थेच्या पुनर्प्रवेशाच्या (म्हणजे वस्तू वातावरणात परत शिरण्याच्या) पानावर शोधा. हे पान मोफत आहे. तिथे जगाच्या नकाशावर निळी आणि पिवळी रेषा दिसते. निळी म्हणजे अंदाजित क्षणाच्या आधीचा मार्ग, पिवळी म्हणजे नंतरचा. वस्तू त्या दोन्ही रेषांवर कुठेही पडू शकते. मधलं चिन्ह म्हणजे पडायची जागा नव्हे, आणि नेमकी हीच चूक बातम्यांत सर्वाधिक होते. त्या मधल्या चिन्हाचे अक्षांश-रेखांश उचलतात, त्यावर जिल्हा शोधतात आणि मेसेज तयार होतो.

मग कक्षेचा कल बघा, म्हणजे कक्षा विषुववृत्ताशी किती अंश तिरकी आहे ते. सेलेस्ट्रॅक या संकेतस्थळावर त्या वस्तूच्या कक्षेची माहिती देणाऱ्या आकड्यांच्या दोन ओळी मिळतात. दुसऱ्या ओळीतला तिसरा आकडा म्हणजे कल, अंशांत. वस्तू त्या आकड्याएवढ्या उत्तर आणि दक्षिण अक्षांशांच्या पलीकडे कधीच जात नाही. कल ५ असेल तर ती महाराष्ट्रावर येऊच शकत नाही. कल २० असेल तर मुंबई, पुणे, सोलापूर तिच्या पट्ट्यात येतात, नागपूर (२१.१) येत नाही आणि सिंदेवाही (साधारण २०.३) काठावर. कल २८ किंवा ५१ असेल तर महाराष्ट्र पट्ट्यात आहे, पण मग अर्धं जगही आहे.

शेवटी वेळ. स्पेस-ट्रॅक या अमेरिकी लष्कराच्या संकेतस्थळावर टिप नावाचे, पडण्याच्या अंदाजाचे संदेश निघतात. मोठ्या वस्तूंसाठी ते चार दिवस आधीपासून येतात आणि शेवटी १२, ६ आणि २ तासांवर पुन्हा. त्यातली वेळ जागतिक असते, तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. हे न केल्यामुळे दुपारची वस्तू मेसेजमध्ये सकाळची होते. वेळेपुढे "अधिक-उणे" किती मिनिटं आहेत ते वाचा. तिथे ३६० मिनिटं लिहिली असतील तर एकूण बारा तास, म्हणजे आठ फेऱ्या. दर फेरीला पृथ्वी खालून २२ अंश सरकते, त्यामुळे सगळ्या फेऱ्या भारतावरून जात नाहीत, जातात त्याही काही मिनिटंच.

धातुकर्मी:
आता "जळून जातात"बद्दल. उपग्रहांचं बांधकाम बहुतांशी ॲल्युमिनियमचं असतं आणि ते ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणून ७५ ते ८० किलोमीटर उंचीवर सांगाडा फुटतो आणि बहुतेक भाग तिथेच संपतो. पण टायटॅनियम १६६८ अंशांपर्यंत टिकतं, स्टेनलेस स्टील १४०० अंशांच्या पुढे. मोठ्या वस्तूचा साधारण १० ते ४० टक्के भाग जमिनीपर्यंत पोचतो असं धरलं जातं. रॉकेटचे रिकामे टप्पे, इंजिनांचे भाग आणि टाक्या यांत हे प्रमाण जास्त.

गोळेच का सापडतात, त्याचं कारण साधं आहे. रॉकेटमधलं इंधन ढकलायला हेलियम किंवा नायट्रोजन खूप जास्त दाबाखाली ठेवावा लागतो आणि असा दाब सगळ्यात कमी वजनात सहन करतो तो गोल. त्याची भिंत टायटॅनियमची असते, किंवा पातळ धातूवर कार्बन धाग्याचे वेढे घातलेले असतात. हे धागे उष्णतेत वरवर करपतात पण आतला धातू वाचवतात. शिवाय गोळा पोकळ म्हणजे मोठा पण हलका. हवा त्याला उंचावरच अडवते आणि कमाल तापमान गाठायच्या आत त्याचा वेग उतरतो. लाडबोरीचं कडं याच हिशेबात बसतं: रुंद, पोकळ, हलकं.

एक दुरुस्तीही व्हायला हवी. लाडबोरीत पडला तो उपग्रह नव्हता. फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा तो तिसरा टप्पा होता. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञांनी त्याच रात्री वेळ आणि मार्ग जुळवून तसं सांगितलं होतं. दूरच्या कक्षेकडे नेणाऱ्या लांबुळक्या कक्षेत तो चौदा महिने फिरत होता. दर फेरीत पृथ्वीजवळ आला की हवेला घासायचा आणि वरची उंची थोडी घटायची. पुढच्याच महिन्यात, मे २०२२मध्ये, गुजरातच्या आणंद, खेडा परिसरात धातूचे गोळे पडले, तेही अशाच रॉकेटचे. चीनच्या शीचांग तळावरून सुटणाऱ्या या टप्प्यांचा कल साधारण २८ अंश असतो, आणि कक्षेतली वस्तू आपला जास्त वेळ टोकाच्या अक्षांशांजवळ काढते. म्हणजे अशा टप्प्यांच्या बाबतीत गुजरात, मध्य प्रदेश, विदर्भ हा पट्टा विषुववृत्तापेक्षा थोडा जास्तच त्यांच्या मार्गाखाली येतो. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

जोर किती असतो? ६० सेंटिमीटर व्यासाचा, १० किलोचा पोकळ गोळा धरा. खालच्या दाट हवेत त्याचा वेग सेकंदाला ३५ मीटरच्या आसपास स्थिरावतो, म्हणजे ताशी १२५ किलोमीटर. वीस मजली इमारतीवरून १० किलोचं वजन सोडल्यासारखा आघात. पत्र्याचं छत फुटेल, कौलांचा चुरा होईल. माणसाला इजा व्हायची किमान मर्यादा नासा १५ जूल धरते. एक किलोचं वजन दीड मीटरवरून पडलं तर तेवढी ऊर्जा होते. तेव्हा लहान तुकडाही घातक ठरू शकतो. मार्च २०२४मध्ये फ्लोरिडात अंतराळ स्थानकावरून टाकलेल्या बॅटरींच्या सांगाड्याचा ७०० ग्रॅमचा तुकडा घराचं छत फोडून आत गेला होता.

तुकडा लालबुंद असेल अशी समजूत असते. तसा तो सहसा नसतो. चमक ४० किलोमीटरच्या वरच संपते, त्यानंतर तो काही मिनिटं थंड हवेतून पडत येतो. कोमट असेल, कधी गारही. म्हणून "थंड आहे, हात लावायला हरकत नाही" हा अंदाज चुकीचा.

नभांगण:
दुरुस्ती नाही, फक्त भर घालतो. घाबरवणाऱ्या दृश्यांपैकी बहुतेकांमध्ये काहीच पडत नसतं, म्हणून लोकांना फरक ओळखता आला पाहिजे.

उल्का सेकंद-दोन सेकंदांत संपते. तिचा वेग ११ ते ७२ किलोमीटर प्रतिसेकंद, त्यामुळे ती चिरत गेल्यासारखी दिसते. पडणारं रॉकेट सावकाश जातं. अर्धा मिनिट ते दोन मिनिटं दिसत राहतं, जवळपास आडवं, आणि त्याचे तुकडे एकाच दिशेने एकामागोमाग पळतात, प्रत्येकाची वेगळी शेपटी. २०२२ला माळवा-निमाडपासून चंद्रपूरपर्यंत दिसलं ते हेच. ते डोक्यावरून गेलं म्हणजे जवळ पडलं असं नाही. जळताना ते ६०-७० किलोमीटर उंचीवर असतं आणि उरलेले तुकडे काहीशे किलोमीटर लांब पट्ट्यात विखुरतात. हलके मागे राहतात, जड आणि भरीव पुढे जातात. गडगडाट ऐकू आला तर तो दोन-तीन मिनिटांनी येतो. तेवढा आवाज आला तर मात्र सकाळी शेतांवर नजर टाकणं योग्य.

स्टारलिंकची माळ वेगळी. सूर्य मावळल्यावर किंवा उजाडण्याआधी, सारख्या अंतरावरचे पांढरे ठिपके ओळीने जातात आणि एकेक करून सावलीत विझतात. शेपटी नाही, रंग नाही, तुकडे नाहीत. ते वर चढणारे उपग्रह आहेत.

जमिनीवर सापडणाऱ्या वस्तूंतही असाच घोटाळा होतो. फुटलेल्या रबरी फुग्याला बांधलेली तळहाताएवढी पांढरी पेटी म्हणजे हवामान खात्याचं रेडिओसोंड. नागपूरसारख्या वेधशाळांतून ती नियमित सोडली जातात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्था सोडते ते फुगे. पातळ प्लास्टिकच्या पडद्याचे, हायड्रोजन भरलेले, ३० ते ४२ किलोमीटर उंच जाणारे. त्यांची उपकरणं लांब दोराला बांधून रंगीत पॅराशूटने उतरतात, अनेकदा मराठवाडा आणि विदर्भाच्या शेतांत. त्यावर पत्ता आणि सूचना लिहिलेल्या असतात. काहींत उच्च दाबाची वीज असते, म्हणून उघडू नये. न छेडता कळवणाऱ्याला बक्षीस मिळतं. पॅराशूट दिसलं की ती वस्तू बहुधा अंतराळातून पडलेली नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

झाडीपट्टी:
हे सगळं कामाचं आहे. एका गोष्टीवर मात्र अजून नेमकं हवं. गावात धातू दिसला की पहिला विचार भंगाराचा येतो. टायटॅनियम असेल तर भाव जास्तच. कुणी गोळा घरी नेला किंवा भंगारवाल्याकडे दिला, तर धोका नक्की कसला?

अग्निशामक:
हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. डोक्यावर पडण्यापेक्षा पडलेल्याला हात लावण्यातून माणूस जखमी होण्याची शक्यता कितीतरी जास्त.

पहिला धोका दाबाचा. गोळा बंद असेल, व्हॉल्व्ह वितळून चिकटला असेल, तर आत वायू अजून दाबाखाली असू शकतो. भंगारवाला तो गॅस कटरने कापतो. तापल्यावर आतला दाब वाढतो, भिंत एका जागी मऊ होते आणि गोळा फुटतो. बाहेरून ठोकून "रिकामा आहे" असं ठरवता येत नाही, दाबाखालचा गोळाही पोकळच वाजतो.

दुसरा धोका हायड्रॅझिनचा. दिशा सांभाळणाऱ्या लहान इंजिनांत हे इंधन वापरतात. ते रंगहीन असतं, वास अमोनियासारखा किंवा मासळीसारखा. ते कातडीतूनही शरीरात जातं, डोळे-फुप्फुसं जाळतं, यकृताला इजा करतं. वास येऊ लागतो तेव्हा हवेतलं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या पुढे गेलेलं असतं, म्हणून "वास येत नाही म्हणजे ठीक" हे चालत नाही. ते २ अंशांच्या आसपास गोठतं, आणि टाकीत गोठलेलं इंधन पुनर्प्रवेशातून टिकून खाली येऊ शकतं. फेब्रुवारी २००८मध्ये अमेरिकेने आपला बिघडलेला यूएसए-१९३ हा उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला, त्याचं सांगितलेलं कारण टाकीतलं सुमारे ४५० किलो हायड्रॅझिन हेच होतं.

तिसरा धोका दिसत नाही. कार्बन धाग्याचे सुटलेले टोक काचेच्या कुसळासारखे बोटांत घुसतात, आणि वेढे ग्राइंडरने कापले की बारीक धूळ श्वासात जाते. काही भागांत बेरिलियम नावाचा धातू असतो, त्याची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते.

किरणोत्सर्गाबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात. खालच्या कक्षेत अणुभट्टी असलेले सोव्हिएत टेहळणी उपग्रह १९८८नंतर सोडले गेलेले नाहीत. तशी दुर्घटना झाली होती ती २४ जानेवारी १९७८ला, कॉसमॉस ९५४ उत्तर कॅनडाच्या बर्फात विखुरला तेव्हा. आज पडणाऱ्या रॉकेटच्या टाक्यांत किरणोत्सर्गी काही नसतं. पण हे गावात कुणी यंत्राशिवाय ठरवू नये.

पहिल्या तासात काय करायचं, क्रमाने सांगतो. वारा कुठून येतो ते बघा, माती उडवून किंवा गवत धरून कळतं. वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला, १०० मीटर लांब जा. जनावरं हलवा. विहीर किंवा बोडी (लहान तळं) जवळ असेल तर तिचं पाणी वापरणं थांबवा. विडी, चूल, मोटरसायकल जवळ नको. तिथूनच फोटो काढा, मोजमाप कळेल असं काहीतरी चौकटीत घ्या, झाड किंवा बैलगाडी चालेल. फोनमधलं ठिकाण चालू ठेवा. ११२ला कळवा, मग पोलीस पाटलांना. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. सांगताना चारच गोष्टी: कुठे, किती वाजता, आकार केवढा, धूर-गळती-वास आहे का. खड्डा पडला असेल तर तसाच ठेवा, पडण्याची दिशा त्यावरून कळते.

हात लागलाच असेल तर कपडे काढून वेगळे ठेवा, ते भाग वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा, डोळे असतील तर तेही. मग दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना "रॉकेटचं इंधन असू शकतं" असं स्पष्ट सांगा. त्याशिवाय ते साध्या ॲलर्जीचा उपचार करतील.

उचलून घरी आणलेला गोळा? तो पुन्हा शेतात नेऊ नका. हलवणं हाच धोका आहे. घर मोकळं करा, खिडक्या-दारं उघडी ठेवा, आणि कळवा.

दस्तऐवज:
विकण्याबद्दल कायद्याची बाजू. १९६८चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, अंतराळवीरांची सुटका आणि वस्तू परत करण्याबद्दलचा. त्यात भारत आहे. ज्या देशात वस्तू सापडते त्याने सोडणाऱ्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना कळवायचं, आणि मागणी आली तर वस्तू परत द्यायची. शोधायचा आणि परत करायचा खर्च सोडणाऱ्याचा. म्हणजे शेतात पडला तरी तुकडा शेतकऱ्याच्या मालकीचा होत नाही आणि भंगारवाल्याच्याही नाही.

भरपाईसाठी १९७२चा दायित्व करार. जमिनीवर झालेल्या नुकसानीला सोडणारा देश पूर्णपणे जबाबदार असतो, चूक सिद्ध करावी लागत नाही. दावा मात्र गावकरी बीजिंगला पाठवत नाही. तो भारत सरकारमार्फत राजनैतिक मार्गाने जातो आणि मुदत नुकसानीपासून एक वर्ष. म्हणून कागद पहिल्या आठवड्यातच तयार हवेत. तहसीलदारांमार्फत पंचनामा, त्यात वेळ आणि साक्षीदार. तुकड्यासह नुकसानीचे फोटो. जखम असेल तर शासकीय दवाखान्याचं प्रमाणपत्र, जनावर असेल तर पशुवैद्यकाचा दाखला. तुकडा कोणत्या रॉकेटचा हे इस्रो ठरवेल. ती ओळख पटल्याशिवाय दावा उभाच राहत नाही, आणि तुकडा भंगारात गेला की ओळख संपली. भरपाई हवी असणाऱ्यानेच तुकड्याची राखण सगळ्यात जास्त केली पाहिजे.

वसुली होते का? कॉसमॉस ९५४साठी कॅनडाने सुमारे ६० लाख कॅनेडियन डॉलर मागितले होते, सोव्हिएत संघाने १९८१मध्ये ३० लाख दिले. यात आपला देश दुसऱ्या बाजूलाही असतो. जुलै २०२३मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ग्रीन हेड किनाऱ्यावर सापडलेला मोठा नळकांड्यासारखा भाग भारताच्या पीएसएलव्ही रॉकेटचा होता, इस्रोने तसं मान्य केलं.

मृगशीर्ष:
माझं "जळून जातात" मागे घेतो. पण मग भीती बाळगायची की नाही, हे एका आकड्यात सांगता येईल का?

ध्रुवमत्स्य:
येईल. एखादी वस्तू खाली आणताना जगात कुठेही कुणालाही इजा होण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षा कमी असावी, अशी मर्यादा बहुतेक अवकाश संस्था पाळतात. ती "कुणालाही" आहे. तुम्हालाच लागण्याची शक्यता काढायला त्याला ८०० कोटी लोकसंख्येने भागा, म्हणजे ८० लाख कोटींत एक. मोठ्या बेवारस रॉकेटची शक्यता याच्या कित्येक पट असते, तरी तुम्हालाच लागण्याची शक्यता नगण्यच राहते. जुलै १९७९मध्ये ७७ टनांचं स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळ स्थानक खाली येत होतं तेव्हा नासाने कुणाला तरी लागण्याची शक्यता १५२त एक धरली होती. भारतभर लोक धास्तावले होते. ते हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्पेरन्सजवळ पडलं, कुणालाही लागलं नाही. अंतराळ युग सुरू झाल्यापासून कक्षेतून पडलेल्या तुकड्याने माणूस दगावल्याची एकही नोंद पक्की झालेली नाही. विदर्भात वीज पडून मात्र दर वर्षी शेतकरी जातात. फलकावर जागा उरली तर तिथे विजेची खबरदारी लिहा.

एक चांगली गोष्ट म्हणजे अशी वस्तू बेवारस सोडायची पद्धत हळूहळू बदलते आहे. ७ मार्च २०२३ला इस्रोने मेघा-ट्रॉपिक्स-१ हा सुमारे टनभर वजनाचा उपग्रह मुद्दाम पॅसिफिकच्या निर्जन भागात उतरवला. तो त्या कामासाठी बनवलेलाच नव्हता. उरलेल्या सुमारे १२० किलो इंधनातून ऑगस्ट २०२२पासून वीस वेळा कक्षा बदलून त्याला खाली आणलं. कार्टोसॅट-२ या इस्रोच्या जुन्या उपग्रहाचं उरलेलं इंधन वापरून त्याची कक्षा आधीच खाली आणली होती. तो १४ फेब्रुवारी २०२४ला हिंदी महासागरावर आला. २०३०पर्यंत मागे कचरा न सोडणाऱ्या मोहिमांचं उद्दिष्ट भारताने ठेवलं आहे. मोठ्या रॉकेटचे टप्पे सगळ्याच देशांनी असे उतरवले, तर झाडीपट्टींचा हा फलक एक दिवस अनावश्यक होईल.

झाडीपट्टी:
वरच्या सगळ्यातून हा मजकूर केलाय. चुकत असेल तर सांगा.

"आकाशातून रॉकेटचा तुकडा पडणार, अमुक रात्री, अमुक जिल्ह्यात, असं आधी कुणालाही सांगता येत नाही. असा मेसेज पुढे पाठवू नका. शेतात अनोळखी धातूचा गोळा, कडं किंवा टाकी दिसली तर हात लावू नका, ठोकू नका, उघडू नका, घरी आणू नका, विकू नका. वाऱ्याच्या बाजूने १०० मीटर लांब उभे राहा, जनावरं दूर न्या, विडी पेटवू नका. ११२ किंवा १०७७ वर कळवा. पॅराशूट किंवा फुगा असेल तरी उघडू नका, त्यावर लिहिलेल्या पत्त्यावर कळवा. नुकसान झालं असेल तर तुकडा आहे तिथेच राहू द्या, पंचनामा होईपर्यंत राखण करा."

अग्निशामक:
दोन बदल. फोन क्रमांक सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत. घाईत माणूस शेवटची ओळ वाचत नाही. आणि "वाऱ्याच्या बाजूने"ऐवजी "वारा जिकडून येतो त्या बाजूला" लिहा. "वाऱ्याच्या बाजूने" वाचून निम्मे लोक वारा जाईल तिकडे जाऊन उभे राहतील.